नोंद लिहितो एक, उपयोग होतो दुसऱ्याला

अमेरिकेत सैनिक नोकरीत असतो तोवर त्याच्या उपचारांची जबाबदारी संरक्षण खात्याकडे असते. नोकरी संपली की तो माजी सैनिकांच्या खात्याच्या रुग्णालयात जाऊ शकतो. माणूस तोच, सरकार तेच, तिजोरीही तीच. दोन्ही खात्यांकडे संगणकावरच्या नोंदी आधीपासून होत्या. माजी सैनिकांच्या खात्याची ‘व्हिस्टा’ ही प्रणाली तर एके काळी जगभर नावाजलेली होती. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी जाहीर केलं, की सैनिकाची भरतीच्या दिवसापासून अखेरपर्यंत एकच आरोग्यनोंद असेल. 2011 मध्ये दोन्ही खात्यांनी मिळून एकच प्रणाली उभारायचं ठरवलं आणि 2013 मध्ये तो बेत गुंडाळला.

सगळ्यांच्या आरोग्याच्या नोंदी एकत्र आणणं इतकं अवघड का, असं कुणी विचारलं की मी आधी हे उदाहरण देतो. कारण नेहमीची तिन्ही उत्तरं इथे गैरलागू ठरतात. पैसा नव्हता म्हणावं, तर होता. तंत्रज्ञान होतं. आदेश तर थेट वरून होता. तरीही जमलं नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. ही अडचण मुळात संगणकाची नाहीच. आरोग्याची नोंद लिहिण्याचे कष्ट एकाला पडतात, तिचा खर्च दुसरा सोसतो आणि तिचा उपयोग तिसऱ्याला होतो, तोही कदाचित दहा वर्षांनी आणि दुसऱ्याच गावात. ही गाठ सोडवल्याशिवाय कितीही भारी सॉफ्टवेअर आणलं तरी ते वाया जाणार.

आधी लिहिणाऱ्याचं बघू. अमेरिकेत 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. संशोधकांनी डॉक्टरांच्या शेजारी थांबून त्यांच्या दिवसाचा हिशोब मांडला. पेशंटसमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जात होते. शिवाय रात्री घरी बसून उरलेल्या नोंदी पूर्ण करणं वेगळंच. आता या डॉक्टरकडून आपण काय मागतो? ‘खोकला, चार दिवस, रात्री जास्त’ एवढं त्याने पेनाने लिहिलं असतं आणि त्याला ते पुरलंही असतं. आपण म्हणतो, नाही, यादीतून लक्षण निवडा, कालावधीचा रकाना भरा, निदानाचा संकेतांक टाका, ‘सिगारेट ओढतो का’ यावर टिचकी मारल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. हे सगळं त्याच्या पेशंटला आज बरं करायला लागत नाही. ते लागतं विमा कंपनीला, सांख्यिकी खात्याला, संशोधकाला आणि उद्याच्या एखाद्या अनोळखी डॉक्टरला. मग तो काय करतो? कालची नोंद उचलून आज चिकटवतो. त्यामुळे शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या पेशंटच्या फायलीत ‘शस्त्रक्रिया नियोजित’ हे वाक्य आठवडाभर तसंच राहतं. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दिवसाला पन्नास पेशंट बघणाऱ्याच्या माथी आपण दुसऱ्यांसाठीची कारकुनी मारली आहे.

‘बँकेचे पैसे जगात कुठूनही काढता येतात, मग माझी फाइल का दिसत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण बँकेत एका रकमेचा अर्थ सगळीकडे एकच असतो. आरोग्याच्या नोंदीत साधा आकडासुद्धा तसा राहत नाही. रक्तातली साखर काही देशांत मिलिग्रॅममध्ये लिहितात, काही देशांत मिलिमोलमध्ये. एकाचा 5.5 म्हणजे दुसऱ्याचा 99. एकक न लिहिता नुसता आकडा पुढे गेला, तर वाचणाऱ्याला तो एकतर जीवघेणा कमी वाटेल किंवा निरर्थक. आणि ही सगळ्यात सोपी गोष्ट झाली, कारण इथे निदान 18 ने गुणून काम भागतं. ‘थोडासा दम लागतो’ याला कशाने गुणायचं?

पेनिसिलिनचंच घ्या. अमेरिकेत साधारण दहा टक्के लोकांच्या फायलीवर ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ असा शेरा आहे. नीट तपासणी केली तर त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ते औषध चालतं. लहानपणी कधीतरी अंगावर पुरळ आलं, आईने पुढच्या डॉक्टरला सांगितलं, त्याने लिहून घेतलं. पुरळ कदाचित मूळ आजाराचंच असेल. पण शेरा एकदा पडला की तो पुसायचा कुणी? लिहिणाऱ्यावर कसलीच जोखीम नाही, पुसणाऱ्यावर मात्र सगळी. म्हणून तो एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जात राहतो आणि त्या माणसाला आयुष्यभर जास्त महाग, जास्त तीव्र अँटिबायोटिक मिळत राहतात. सगळ्यांच्या नोंदी जोडल्या की बरोबर माहिती सगळीकडे पोचेल, असं आपण गृहीत धरतो. चुकीची माहितीही तितक्याच वेगाने पोचते आणि छापील अक्षरात असल्याने तिच्यावर विश्वास जास्त बसतो. याबद्दल फारसं बोललं जात नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता खर्च करणाऱ्याचं. 2009 च्या कायद्याने अमेरिकेने रुग्णालयांना आणि डॉक्टरांना संगणकीय नोंदी बसवण्यासाठी प्रोत्साहन म्हणून 30 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली. त्या एका गोष्टीत यशही आलं. 2008 मध्ये धड चालणारी संगणकीय नोंद दहातल्या एका रुग्णालयातही नव्हती, 2015 पर्यंत ती दहातल्या आठांहून जास्त रुग्णालयांत आली. पण कागद गेला तरी भिंती तशाच राहिल्या. या रुग्णालयातली फाइल त्या रुग्णालयात उघडेना, पेशंट सीडी आणि फॅक्सचे कागद घेऊन फिरतच राहिले. यात नवल काही नाही. पैसे मुख्यतः प्रणाली बसवून वापरल्याबद्दल होते. नोंद दुसऱ्यापर्यंत पोचली का, तिथल्या डॉक्टरला ती कामाला आली का, यावर फार थोडं अवलंबून होतं. शिवाय आपल्या पेशंटची पूर्ण फाइल शेजारच्या रुग्णालयाला सहज मिळाली तर पेशंटही सहज जाईल, हे व्यवस्थापनाला कळतं. गिऱ्हाईक सुटायला नको, हे सॉफ्टवेअर कंपनीलाही कळतं. शेवटी 2016 मध्ये माहिती अडवून धरण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला आणि त्याचे नियम लागू व्हायला 2021 उजाडलं. माहिती देण्याघेण्याची सामायिक भाषा नव्हती, अशातलाही भाग नाही. एचएल-7 ही संस्था 1987 पासून तेच काम करते आहे आणि ‘फायर’ नावाचं तिचं नवं मानक खरोखर चांगलं आहे. पण समोरच्याशी बोलायचंच नसेल, तर भाषा असून काय उपयोग?

सरकारने एकहाती सगळं करावं म्हणाल, तर तेही ब्रिटनने करून पाहिलं. तिथे आरोग्यसेवा एकच, पैसे देणारं सरकारही एकच, म्हणजे माझ्या मांडणीप्रमाणे गाठ सुटायला हवी होती. 2002 मध्ये अवाढव्य कार्यक्रम सुरू झाला आणि 2011 मध्ये तो मोडीत काढायचा निर्णय झाला. तोवर खर्चाचा अंदाज 10 अब्ज पौंडांच्या घरात गेला होता. प्रणाली वरून ठरल्या, कंत्राटं वरून दिली गेली, आणि ज्यांनी त्या रोज वापरायच्या त्या डॉक्टर-परिचारिकांना विचारलं गेलं ते सगळ्यात शेवटी. पैसे देणारा एक असला तरी लिहिणारा वाऱ्यावरच होता.

वरून आलेली प्रणाली वॉर्डात नेमकं काय करते, याचं एक उदाहरण. वर सांगितलेल्या माजी सैनिकांच्या खात्याने पुढे बाजारातली नवी प्रणाली घेतली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातल्या केंद्रात ती सुरू केली. डॉक्टर पडद्यावर तपासणी किंवा तज्ज्ञाकडची चिठ्ठी लिहायचा. ती कुठे पाठवायची हे प्रणालीला ओळखता आलं नाही, तर ती एका अनोळखी रांगेत जाऊन पडायची. डॉक्टरला वाटायचं, चिठ्ठी गेली. समोरच्या विभागाला ती आलीच नाही. पेशंट फोनची वाट बघत घरी. त्या रांगेत काही महिन्यांत 11,000 हून जास्त चिठ्ठ्या साचल्या. खात्याच्या महानिरीक्षकांनी 2022 मध्ये हे जाहीर केलं, आणि किमान 149 पेशंटांना त्याचा त्रास झाल्याचं नोंदलं. 2023 मध्ये पुढच्या ठिकाणी प्रणाली बसवणं थांबवावं लागलं. कागदाची चिठ्ठी हरवली तर पेशंट निदान ती शोधत परत येतो. इथे काही हरवलंय हेच कुणाला माहीत नव्हतं.

मग हे कुणालाच जमलेलं नाही का? जमलंय, आणि कसं जमलं ते बघण्यासारखं आहे. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाला 1968 पासून एक ओळखक्रमांक आहे. 1994 मध्ये त्यांनी आरोग्याच्या संदेशांची देवाणघेवाण करणारी ‘मेडकॉम’ ही व्यवस्था उभारली तेव्हा सगळ्यांची सगळी फाइल एकत्र करायचा हट्ट धरला नाही. औषधाची चिठ्ठी, प्रयोगशाळेचा रिपोर्ट, तज्ज्ञाकडे पाठवण्याचं पत्र, डिस्चार्जचा कागद असे रोज लागणारे संदेश तेवढे घेतले आणि ते एका ठरलेल्या नमुन्यात इकडून तिकडे जातील असं पाहिलं. घरच्या डॉक्टरला त्याचा फायदा त्याच आठवड्यात दिसला. रिपोर्टसाठी फोन करायला नको, रिपोर्ट आपोआप आला. म्हणजे लिहिणाराच घेणाराही झाला. एस्टोनियाने 2008 मध्ये देशभराची प्रणाली सुरू केली. तिथे आपली नोंद कुणी, कधी उघडली हे नागरिकाला स्वतः पाहता येतं. तो देश जेमतेम 13 लाखांचा, हे मान्य. पण हे पाहू देणं लोकसंख्येवर अवलंबून नाही, ते इच्छेवर अवलंबून आहे.

क्रमांकाचा मुद्दा मोठ्या देशांत किती चिघळतो बघा. अमेरिकेत 1996 च्या कायद्यात प्रत्येक पेशंटला क्रमांक द्यायचं ठरलं होतं. खासगीपणाच्या भीतीने संसदेने त्यावर सरकारी पैसा खर्च करायलाच मनाई केली आणि 1998 पासून ती मनाई अर्थसंकल्पात वर्षानुवर्षं येत राहिली. त्यामुळे नाव, जन्मतारीख, पत्ता जुळवून ‘हा तोच माणूस’ असा अंदाज बांधावा लागतो. सारख्या नावाच्या आणि एकाच दिवशी जन्मलेल्या दोन बायकांच्या फायली एकमेकींत मिसळल्या, तर रक्तगटापासून गोळ्यांपर्यंत सगळंच चुकतं.

खासगीपणाची ही भीती मात्र मी फालतू मानत नाही. फिनलंडमध्ये मानसोपचार देणाऱ्या वास्तामो या कंपनीतून हजारो पेशंटांच्या नोंदी चोरीला गेल्या. 2020 मध्ये चोराने थेट पेशंटांनाच गाठलं. पैसे दे, नाहीतर तू डॉक्टरपाशी जे बोललास ते जाहीर करतो. पासवर्ड बदलता येतो, कार्ड रद्द करता येतं, पण बंद खोलीत विश्वासाने सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात सर्वांसाठी नोंद सुरू करण्याआधी नाव काढून घ्यायला 2019 च्या जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली, तेव्हा सुमारे 25 लाख लोकांनी नावं काढली. या लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपली माहिती कुणाच्या हातात जाते हे दिसत नसेल, तर नाही म्हणणं हे शहाणपणाचंच आहे.

म्हणूनच मला वाटतं, या सगळ्यात पेशंटला मध्ये आणायला हवं. आपली नोंद बरोबर असण्यात, ती पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचण्यात आणि नको त्याच्या हाती न पडण्यात एकाच वेळी फायदा असलेला तोच एक माणूस आहे. 2010 मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणच्या शंभरावर डॉक्टरांनी आपण लिहिलेली टिपणं पेशंटांना वाचायला खुली केली. डॉक्टरांना धास्ती होती, की लोक घाबरतील, फोन करकरून जीव नकोसा करतील. तसं काही घडलं नाही. वर्षाअखेरीला जवळजवळ सगळ्या पेशंटांना हे पुढे चालू हवं होतं आणि एकाही डॉक्टरने ते बंद केलं नाही. ‘ही गोळी मी केव्हाच सोडली’, ‘उजवा नाही, डावा गुडघा’ हे पेशंटइतकं लवकर कुणाच्या लक्षात येणार?

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 मध्ये देशभर सुरू झालं आणि लोकांना ‘आभा’ हे 14 अंकी आरोग्य-ओळखक्रमांक दिले जात आहेत. संमतीशिवाय नोंद पुढे जाणार नाही आणि ती जिथे तयार झाली तिथेच राहील, ही त्यामागची रचना मला योग्य वाटते. पण किती क्रमांक दिले हा आकडा यशाचा मानू नका, असं धोरण ठरवणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. चालू औषधं, अॅलर्जी, अलीकडच्या तपासण्या आणि डिस्चार्ज कार्ड या चार गोष्टी आधी घ्या. त्या लिहायला डॉक्टरच्या हाताखाली माणूस द्या, त्याचा पगार द्या. आणि पैसे मोजायचेच असतील तर नोंद भरली म्हणून नका मोजू. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरने ती उघडली, वाचली आणि त्यामुळे एखादी तपासणी पुन्हा करावी लागली नाही, तेव्हा मोजा. त्यातला वाटा ज्याने मुळात नोंद नीट लिहिली त्याला मिळू द्या.