सीटखालच्या सबवूफरविषयीच्या एक-स्टार अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्या सांगलीतील दुकानाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : १२,००० रुपयांचे बजेट सांगितल्यावर आम्ही आपल्याला ८ इंची, १५० वॉटचा सीटखालचा सबवूफर (केवळ बेस वाजवणारा स्पीकर) दिला, तर ऑनलाइन ७,००० रुपयांत १२ इंची, १२०० वॉटची बेसट्यूब, म्हणजे नळीच्या आकाराचा सबवूफर, मिळते, वायरिंगचे १,८०० रुपये वेगळे घेतले, गाडी सुरू असताना शिट्टीसारखा आवाज येतो, आणि गेनचे बटण अर्ध्यावरच ठेवल्याने बेस आत जाणवत नाही व गाडीबाहेर तर ऐकूच येत नाही. ‘बजेट कमी दिसले की गिऱ्हाइकाला गंडवतात’ असेही आपण शेवटी लिहिले आहे. या चार बाबींपैकी दोनमध्ये चूक आमची आहे, म्हणून त्या आधी घेतो.

शिट्टीविषयी बोलायचे तर, आपला अभिप्राय वाचल्यावर त्या दिवशी काम केलेल्या मुलाला मी विचारले, तेव्हा त्याने अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडायची वायर) सीटच्या बोल्टवर घेतल्याचे समजले. सीटच्या बोल्टाखालच्या पत्र्यावर रंग असतो, त्यामुळे तेथे अर्थ पक्का मिळेलच याची खात्री नसते, आणि अर्थ कच्चा राहिला की अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, आवाज सिग्नलमध्ये शिरून ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर शिट्टीसारखा चढत जातो. शिवाय बॅटरीकडून येणारी पॉवरची वायर आणि स्टीरिओकडून येणारी सिग्नलची वायर या दोन्ही त्याने दाराच्या एकाच पट्टीखालून ओढल्या होत्या. पॉवर एका बाजूने न्यावी, सिग्नल दुसऱ्या बाजूने न्यावा आणि पत्र्यावरचा रंग खरवडून तेथे अर्थ घ्यावा, हे या कामातले अगदी प्राथमिक नियम आहेत. मुलगा नवीन आहे, पण गाडी ताब्यात देण्यापूर्वी तपासणे हे माझे काम होते, आणि मी आपल्याला गाणे ऐकवले ते इंजिन बंद ठेवून. त्या अवस्थेत ही शिट्टी कोणालाच ऐकू येत नाही. त्या आठवड्यात त्याने बसवलेल्या आणखी दोन गाड्या आम्ही बोलावून तपासल्या, त्यांपैकी एकीत हाच दोष निघाला.

दुसरी चूक पैशांच्या मांडणीची आहे. युनिटचे ८,५००, वायरिंग किटचे १,८०० आणि मजुरीचे १,२०० असे एकूण ११,५०० रुपये आपण दिले, म्हणजे आपण सांगितलेल्या रकमेच्या आतच आम्ही राहिलो. परंतु तोंडी भाव सांगताना मी केवळ युनिटची किंमत बोललो आणि किटचा आकडा आपल्याला बिलावरच दिसला. आता आम्ही कोटेशन लेखी आणि एकूण रकमेचेच देतो. किटची किंमत मात्र मी परत करणार नाही, कारण ती वायर शुद्ध तांब्याची आहे. स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर येते. जाडी तीच दिसते, पण तिची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश असते. बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवलेला फ्यूजही त्याच किटमध्ये आहे. वायर कोठे घासून पत्र्याला टेकली तर गाडी पेटण्यापासून वाचवणारी वस्तू तीच, आणि त्यात काटकसर करून युनिटवर ५०० रुपये जास्त लावावेत असा सल्ला मी कोणालाही देत नाही.

आता वॉटविषयी. आपल्या नाराजीचे मूळ तेथेच आहे असे मला वाटते, आणि तेथे मी माझ्या निर्णयावर ठाम आहे. आपण दुकानात मोबाइलवर जी ट्यूब दाखवली होती, तिच्या मागच्या बाजूच्या छायाचित्रात २० अँपिअरचा फ्यूज स्पष्ट दिसत होता. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे त्या फ्यूजमधून त्या युनिटला सतत मिळू शकणारी वीज २८० वॉट झाली. त्यातलाही काही भाग उष्णतेत जातो : जुन्या पद्धतीच्या एबी क्लास ॲम्प्लिफायरमध्ये जवळजवळ निम्मा, तर नव्या पद्धतीच्या डी क्लासमध्ये सुमारे पाचवा हिस्सा. मग १२०० वॉट येणार कोठून? डी क्लासमधूनही तेवढे वॉट सतत काढायचे तर शंभरावर अँपिअर लागतील, आणि लहान हॅचबॅकचा संपूर्ण अल्टरनेटरच साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो, ज्यावर हेडलाइट, एसीचा पंखा आणि वायपरही चालवायचे असतात. खोक्यावरचा मोठा आकडा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ नावाचा असतो आणि तो क्षणभराचा, बऱ्याचदा कागदावरचाच असतो. पाहायचा आकडा आरएमएस, म्हणजे युनिट सतत देऊ शकते ती शक्ती. आपल्या युनिटचा फ्यूज १५ अँपिअरचा आहे, म्हणजे २१० वॉट आत जातात, आणि डी क्लासच्या हिशेबाने त्यातून १५० बाहेर येतात हे पटण्यासारखे आहे. शेजारच्या शोकेसमध्ये हजाराचा आकडा झळकत असताना १५० लिहिलेले खोके विकणे अवघड जाते, हे मी नाकारत नाही. तरीही वॉट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे जवळजवळ दहापट शक्ती लागते, एवढे लक्षात घेतले तर १५० आणि २०० यांतल्या फरकासाठी भांडण्यात फारसा अर्थ उरत नाही.

१२ इंची सबवूफर मी का नाकारला, त्याचे कारण आपल्या डिकीत आहे. चांगल्या १२ इंची सबवूफरला बंद पेटीत साधारण ३० ते ३५ लिटर हवा लागते, आणि १८ मिलिमीटर एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी बोर्डाची) ती पेटी बाहेरून त्याहून बरीच मोठी होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर किती चोखंदळ असतो, हे आपण इकडचे असल्याने पाहिले असेल. सबवूफरची पेटी म्हणजे तो भोपळाच होय. ती लहान किंवा कुचकामी असेल तर आत कितीही भारी स्पीकर लावला तरी एकच सूर घुमत राहतो. आपली गाडी सीएनजीची आहे आणि डिकीचा बहुतेक भाग सिलिंडरने व्यापला आहे. पेटी किंवा ट्यूब ठेवायची तर ती सिलिंडरवर किंवा त्याच्या व्हॉल्व्हसमोर येणार, तिच्या पट्ट्यांसाठी जवळपास भोके पाडावी लागणार आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरच्या तपासणीच्या वेळी सगळे उतरवावे लागणार. अडचणीच्या वेळी हात पोहोचायला हवा असा तो व्हॉल्व्ह झाकणारे काम मी घेत नाही. गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

बेस जाणवत नाही या तक्रारीत मात्र तथ्य असू शकते. गेनचे बटण अर्ध्यावर ठेवले म्हणून आपण रागावला आहात, परंतु गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. स्टीरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालण्यासाठी ते असते, आणि ते पूर्ण फिरवले तर सिग्नलची टोके कापली जाऊन सबवूफरमधली कॉइल तापते व काही महिन्यांत जळते. कृपया ते घरी फिरवू नये. खरी शंका मला फेजच्या, म्हणजे सबवूफरची हालचाल दरवाजातल्या स्पीकरशी जुळवणाऱ्या, स्विचची आहे. तो उलटा राहिला तर दरवाजातले स्पीकर आणि सबवूफर ज्या पट्ट्यात एकत्र वाजतात, म्हणजे ८० हर्ट्झच्या आसपास, ते एकमेकांचा आवाज खातात आणि बेस नाहीसा झाल्यासारखा वाटतो. चालकाच्या जागी बसून तो स्विच दोन्हीकडे करून पाहण्याला एक मिनिट लागते, आणि ते त्या दिवशी झाले की नाही हे मला खात्रीने सांगता येत नाही. शिवाय कंपनीचे अनेक स्टीरिओ आवाज वाढवत गेल्यावर दरवाजातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून बेस आपोआप कमी करतात, आणि आम्ही सिग्नल त्याच स्पीकरच्या वायरीवरून घेतला असल्याने सबवूफरलाही तो कापलेलाच मिळतो.

गाडीबाहेर ऐकू येण्याची अपेक्षा आपण त्या दिवशी बोलून दाखवली असती, तर मी स्पष्ट नकार दिला असता. सीटखालचे युनिट डग्ग्याचा घुमारा आणि ढोलकीच्या धुमेचा भार आतल्या माणसांपर्यंत नीट पोहोचवते. साधारण ४० हर्ट्झच्या खाली त्याची ताकद संपते, आणि हलगीचा कडकडाट तर मुळातच सबवूफरचा नव्हे, दरवाजातल्या स्पीकरचा असतो. आपण काय ऐकता हे मी विचारायला हवे होते. विचारले असते तर कदाचित सबवूफर थोडा स्वस्तातला घेऊन उरलेल्या पैशांत पुढच्या दोन दरवाजांच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारा थर) लावा असे सुचवले असते, कारण हलणारा पत्रा जो बेस गिळतो तो कोणताही सबवूफर भरून काढत नाही.

आपण न विचारलेली एक उणीवही सांगून ठेवतो. सीटखालचे युनिट गाडीत पाणी शिरल्यावर सर्वांत आधी भिजते. २०१९ च्या पुरानंतर अशी चिखलाने भरलेली युनिटे आम्ही पोत्यांनी बाहेर काढली आहेत. आपल्या युनिटला म्हणूनच कपलर, म्हणजे हाताने सुटणारा वायरचा जोड, लावला आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढू लागली की कपलर काढून चार बोल्ट सोडवावेत आणि युनिट घरात वरच्या मजल्यावर ठेवावे.

पुढचे असे. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी साडेदहाला गाडी आणावी. अर्थ नव्याने घेणे, सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने ओढणे आणि फेज व गेन इंजिन चालू ठेवून, आपण स्वतः चालकाच्या जागी बसलेले असताना जुळवणे, हे काम मी स्वतः करीन आणि त्याचे काहीही पैसे घेणार नाही. एवढे करूनही समाधान झाले नाही तर पंधरा दिवसांत युनिट परत करावे. मजुरी वगळून युनिटची आणि किटची पूर्ण रक्कम परत मिळेल, कारण त्या वेळी वायरही आमच्याकडेच परत येईल. कामाला दोन तास लागतील. आपण रोज ऐकता ती गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन यावीत, कारण मागच्या वेळी जुळवणी माझ्या आवडीच्या गाण्यांवर झाली होती.

आपला,
दुकानमालक