क्रियापदाची वाट

जर्मन शिकायला घेतलं की आधी जर्मन शिकवणारी साधनं शिकावी लागतात. त्यातच माणूस इतका दमतो, की भाषेला हात लावायचं त्राण उरत नाही.

मोबाइलवरचं ॲप फार लाघवी. एक उत्तर बरोबर आलं की टाळ्या, झगमगाट! पण एक दिवस खाडा झाला की असं काही रुसतं, की ती सलग दिवसांची माळ तुटू नये म्हणून मी झोपेनं जड झालेल्या डोळ्यांनी 'घोडा सफरचंद खातो' हे जुळवत बसतो. खाली चार शब्द मांडलेलेच असतात, फक्त उचलायचे. प्रत्यक्ष बोलताना ते मांडायला कुणी येत नाही.

मालिका सबटायटल लावून पाहाव्यात, म्हणतात. पाहिल्या. सबटायटल वाचायचा वेग वाढला.

मग कार्डं: एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. हर्मान एबिंगहाउस या गृहस्थानं निरर्थक अक्षरं स्वतःच घोकून आपण किती झपाट्यानं विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. १९७२ मध्ये झेबास्टियान लाइटनरनं खोक्यांची युक्ती मांडली: आठवलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, म्हणजे उजळणी उशिरा; विसरलं तर थेट पहिल्यात. आता तो हिशेब अंकीसारखं सॉफ्टवेअर ठेवतं. पद्धत प्रामाणिक, म्हणूनच असह्य. चार दिवस दुर्लक्ष करा, थकलेली कार्डं सावकारासारखी दारात बसलेली असतात.

खरं सांगायचं तर सगळ्यांनी नावं ठेवलेलं व्याकरणाचं रुक्ष पुस्तकच मला उपयोगी पडलं. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, 'डेर ल्योफेल'. काटा स्त्रीलिंगी, 'डी गाबेल'. 'डेर', 'डी' ही नामाआधी लागणारी उपपदं. इथवर ठीक. पण 'काट्यानं' म्हणायचं झालं की 'मिट डेर गाबेल'! बाईसाहेब चक्क चमच्याचं 'डेर' लावून हजर. ॲपनं यावर नुसती लाल फुली मारली होती. पुस्तकानं निदान तक्ता दाखवला.

शेवटचा उपाय म्हणजे ऑनलाइन भेटणारा खरा जर्मन माणूस. अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास माझी. 'कारण' म्हटलं की त्या उपवाक्यात क्रियापद शेवटी. मराठी माणसाला हे घरचंच, असं वाटून मी आत्मविश्वासानं 'वाइल' म्हणतो. पुढे कर्ता येतो, काल येतो, काटा येतो, त्याचं उपपद येतं, दुरुस्त होऊन पुन्हा येतं. क्रियापद येत नाही. सुरुवातीला तो मान हलवत थांबायचा. हल्ली तेवढ्यात कॉफी करून येतो.

परत येतो तेव्हा मी उपपदापाशीच असतो.