चाके बदललेली नाहीत: आपल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या मालवणच्या कार्यशाळेबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. तीन आठवडे सांगून सात आठवडे लावले, एवढ्याशा हुकाच्या दुरुस्तीसाठी 1,900 रुपये घेतले आणि आजोबांच्या 1948 च्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरची मूळ धातूची चाके काढून रबरी बसवली, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. उशीर झाला हे खरे आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो.

माझा मूळ धंदा होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांचा असून जुन्या खेळण्यांची कामे मी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत घेतो. आपण 15 जुलैला आलात. 31 जुलैला बंदी संपली आणि दारात इंजिनांची रांग लागली, हे मी आपल्याला आधीच सांगायला हवे होते. तरीही गणपतीच्या देखाव्यात ट्रॅक्टर मांडायचा आहे हा आपला शब्द लक्षात ठेवून हरतालिकेच्या आदल्या दिवशी तो मी स्वतः आपल्या गावच्या घरी आणून दिला. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही.

पैशांबद्दल थोडेच सांगतो. हे खेळणे जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतून केलेले आहे. तो मिश्रधातू साधारण 385 अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे गॅसची ज्योत लावून पितळेचा डाग देऊ गेल्यास हुकासकट मागचा भागही ओघळतो. म्हणून तुटलेल्या दोन्ही तोंडांना मिलिमीटरपेक्षा बारीक भोक पाडून आत पितळी तारेची खिळी बसवावी लागली आणि एपॉक्सी गोंद भरावा लागला. त्याआधी कोणीतरी तेथे झटपट चिकटणारा डिंक थापला होता, तो खरवडण्यात दीड दिवस गेला. ‘याला कोणी हात लावलेला नाही’ असे आपण काउंटरवर म्हणाला होता. ट्रॅक्टरच्या हुकाला जोडायच्या, गवत ओढायच्या दाताळ्याच्या तुटलेल्या चार तारा नव्याने वाकवून बसवल्या, त्यांचे वेगळे पैसे मी लावले नाहीत.

आता चाकांविषयी, कारण चोरीचा आळ माझ्यावर आजवर कोणी घेतलेला नाही. आपला ट्रॅक्टर म्हणजे डिंकी टॉईज या खेळण्यांच्या ब्रँडने काढलेले मॅसी-हॅरिस कंपनीच्या खऱ्या ट्रॅक्टरचे प्रतिरूप, लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनीच्या कारखान्यातले. ते 1948 मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याचा क्रमांक 27 ए होता आणि चाके खरोखरच ओतीव धातूची होती. इथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. पुढे 1954 मध्ये कंपनीने क्रमांक बदलले आणि हाच ट्रॅक्टर 300 झाला. आपण आणलेल्या डब्यावर 300 हाच अंक आहे. डबा नंतरचा आणि आतला ट्रॅक्टर आधीचा असे पुष्कळदा आढळते, म्हणून केवळ डब्यावर मी विसंबलो नाही. सुरुवातीच्या ट्रॅक्टरवरचा चालक बदामी रंगाचा आणि धातूचा असे, आपला चालक निळ्या प्लास्टिकचा आहे. प्लास्टिकच्या गाभ्यावर रबरी टायर असलेली चाकेही त्या नंतरच्या घडणीतलीच. सोबतचे दाताळे तर 1953 पूर्वी निघालेलेच नव्हते, तेव्हा ही जोडी 1948 साली एकत्र विकत घेणे कोणालाच शक्य नव्हते. आजोबांची आठवण खोटी आहे असे मी म्हणत नाही. कदाचित धातूच्या चाकांचा आणखी एक ट्रॅक्टर आपल्या घरात असेल. माळ्यावर एकदा पाहावे.

काम हाती घेताना मी नऊ फोटो काढून त्याच दिवशी आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. त्यांतील चौथ्या आणि पाचव्या फोटोत हीच रबरी चाके आणि मागच्या डाव्या टायरची भेग स्पष्ट दिसते. फोटोंखाली निळ्या खुणा उमटल्या आहेत. मी बदलला तो केवळ तो भेगाळलेला टायर, आणि तसे वहीत लिहून त्याखाली आपली सही घेतली आहे. ट्रॅक्टर पोचवला त्या वेळी आपल्याबरोबर गावी आलेल्या तिघांनी भाग मोजून पाहिले, सर्वांनी कोकम सरबत घेतले आणि काम छान झाले म्हणालात. एक तारा मुंबईस पोचल्यावर आला, याचे वाईट वाटले. माझ्यासारख्याकडे येणारा माणूस आधी फोनवर हे तारेच पाहतो.

संपूर्ण रंग नव्याने द्यावा ही आपली इच्छा मी नाकारली, तीही आपल्याच हितासाठी. मूळ रंग गेला की संग्राहकाच्या लेखी अशा खेळण्याची किंमत पडते, आणि आमच्याकडे श्रावणातल्या ओल्या हवेत नव्या रंगावर पांढुरकी झाक येते ती वेगळीच. यापुढे मुदत सांगताना अधिक काळजी घेऊ.

आपला जुना टायर पाकिटात घालून, वर आपले नाव लिहून ठेवला आहे. पुढच्या खेपेस घेऊन जावा. तोवर दाताळे हुकात अडकवलेले असताना ट्रॅक्टर उचलू नये, दोन्ही वेगळे करूनच हलवावेत.

आपला नम्र,
कार्यशाळेचा मालक, मालवण