अर्धा मार तुला, अर्धा मला

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा भूमिकांचा खेळ, खेळताना मी क्लेरिक असतो, म्हणजे बाकीच्यांनी मार खायचा आणि मी मागून त्यांच्या जखमा भरत फिरायचं. तर जखमा भरत बसण्यापेक्षा त्या होऊच द्यायच्या नाहीत असा सुविचार मला ज्या दिवशी सुचला त्याच दिवशी मी आडवा झालो.

स्पेलचं, म्हणजे मंत्राचं, नाव वॉर्डिंग बॉन्ड. दुसऱ्या लेव्हलचा, तासभर टिकतो, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे तो टिकवायला सतत लक्ष देणं, लागत नाही. लागतात त्या प्लॅटिनमच्या दोन अंगठ्या, प्रत्येकी निदान ५० सोन्याच्या नाण्यांच्या, एक आपण घालायची आणि एक समोरच्याने (यावरून टेबलावर जे काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही). मग समोरच्याला एसीत (फटका चुकवायचा आकडा) +१, सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायला टाकायचा फासा) +१, आणि सगळ्या डॅमेजला रेझिस्टन्स, म्हणजे मार थेट निम्मा. फक्त त्याला जेवढा बसेल तेवढाच आपल्यालाही बसतो. मी म्हटलं बसू दे ना, १७ चा फटका आला तर ८ त्याला ८ मला, वर अर्ध्याचं गणित नेहमी खालच्या आकड्यावर धरतात म्हणून १ पॉइंट हवेत गायब, म्हणजे आपण फायद्यातच. हा १ पॉइंटचा फायदा मी सगळ्यांना दोनदा समजावून सांगितला.

अंगठी घातली आमच्या बार्बेरियनला, म्हणजे पुढे घुसून मारामारी करणाऱ्या गड्याला. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे शिल्लक जीव, ५५, माझे ३३. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

लढाई सुरू झाली, पठ्ठ्या ओरडून रेजमध्ये, म्हणजे बेभान संतापात, गेला, ओगर नावाच्या राक्षसाने सोटा हाणला, डॅमेज १७. मी आनंदाने म्हटलं, तुला ८, मला ८. तो म्हणाला, "अरे पण रेजमध्ये मला असंही ८च बसतात."

टेबल शांत.

कारण सोटा, तलवार, भाला असल्या माराला रेजमध्ये आधीच रेझिस्टन्स असतो आणि एकाच डॅमेजला दोन रेझिस्टन्स आले तरी ते एकदाच धरतात, निम्म्याचं निम्मं होत नाही. म्हणजे माझ्या स्पेलमुळे त्याचा मार एका पॉइंटनेही कमी झाला नव्हता, उलट ज्या मारात माझा काडीचा संबंध नव्हता त्याचे ८ मी घरबसल्या कमावले होते, आणि तेही ओगरपासून लांब एका खांबामागे लपलेलो असताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बरं, मार बसला की कॉन्सन्ट्रेशन टिकवायला फासा टाकावा लागतो, निदान १० तरी हवेत, मला पडले ४, बोनस धरून ५. सगळ्यांवर टाकलेला ब्लेस (हा माझा दुसरा स्पेल, कॉन्सन्ट्रेशनवर टिकणारा) गेला. आता ब्लेस गेल्याबद्दलही मलाच बोलणी.

दुसरा फटका १३ चा. त्याला ६, मला ६. मी १९ वर.

एक ॲक्शन खर्चून बॉन्ड सोडता येतो, ते मी करणारच होतो, पण माझा टर्न यायच्या आत पलीकडच्या जादूगाराने फायरबॉल टाकला, आठ फासे, बेरीज २९, आणि यात खांबासकट मीही सापडलो. बार्बेरियनचा सेव्ह झाला, माझा अर्थातच नाही. आता आगीला रेजचा उपयोग नसतो, म्हणजे माझा स्पेल पहिल्यांदाच खरंच कामाला येणार होता, सेव्हमुळे २९ चे १४ आणि बॉन्डमुळे १४ चे ७. पण मी शून्यावर गेलो की बॉन्ड तुटतो. मग आधी डॅमेज कोणाचं धरायचं? माझं आधी धरलं तर मी पडलो, बॉन्ड संपला, त्याला पूर्ण १४. त्याचं आधी धरलं तर त्याला ७, मला ते ७ आणि वर माझे २९.

वीस मिनिटं वाद. बार्बेरियन डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, अगदी शांतपणे, समजूतदार माणसासारखा सांगत होता, "माझं आधी धर ना, हा तसाही पडणारच आहे."

डीएमला पटलं. मी पडलो. पुढचा टर्न बार्बेरियनचा होता आणि मी आशेने त्याच्याकडे बघत होतो, कारण हीलिंग पोशन त्याच्याच झोळीत होतं. त्याने जरा विचार केला आणि डीएमला विचारलं, "याच्या बोटातली अंगठी काढायला ॲक्शन लागते का?"