मान खाली, तोंड बंद

कथा लिहून झाली की ती आधी घरच्यांना ऐकवली जाते. घरचे "छान आहे" म्हणतात, कारण त्यांना उद्याही त्याच घरात राहायचं असतं. मित्र व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवतात, तोही बारा पानांची फाइल पोचल्यावर दहा सेकंदांत. मग कथा दिवाळी अंकाकडे जाते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. पण कथा साभार परत करताना कारण सांगायला संपादक तेव्हाही बांधील नव्हते, आजही नाहीत.

कारण हवं असेल तर एकमेकांच्या कथा वाचून बैठकीत त्यांवर बोलणाऱ्या पाच-सहा लिहित्या माणसांचा गट गाठावा. दहा जण झाले की चहाच तीनदा करावा लागतो. तिघेच असले तर महिन्याभरात एकमेकांची पाठ खाजवू लागतात.

कथा बैठकीच्या आठवडाभर आधी सगळ्यांच्या हाती पडावी : तीन हजार शब्दांच्या आत, ओळींत ऐसपैस अंतर, पानांवर क्रमांक. पाठवायची ती पीडीएफच. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे भलतीच अक्षरं दाखवते आणि एखादा तिला प्रयोगशील कथा समजून दादही देतो. बैठकीत वाचून दाखवायचा मोह आवरावा. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तरी चोवीस मिनिटं जातात, शिवाय वाचणारा कथेतले खड्डे आवाजाने बुजवतो. छापील पानाला ती सोय नाही.

आता मुख्य छळ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी १९५६ साली विज्ञानकथा लेखकांची परिषद सुरू झाली. तिच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी, की गोल करून बसायचं, प्रत्येकाने ठरलेली मिनिटं बोलायचं आणि सगळ्यांचं होईपर्यंत लेखकाने चकार शब्द काढायचा नाही. मराठी लेखकासाठी हा नियम अमानुष आहे. "मला तिथे असं म्हणायचं होतं की..." हे वाक्य घशाशी येतं आणि चहाबरोबर गिळावं लागतं. गिळावंच. अंक विकत घेणाऱ्याच्या घरी जाऊन आपण खुलासा करणार आहोत का?

आणि कळतं काय? तिसऱ्या पानावर वारलेली आत्या सातव्या पानावर पोहे परतते आहे. मधला भाग नव्याने लिहिताना आत्याला मारलेलं असतं, पण लेखकाच्या डोक्यात जुना खर्डाही नांदत असतो, म्हणून त्याला फोडणीचा वास खटकत नाही. कथा खरी सुरू होते दुसऱ्या पानाच्या तळाशी. त्याआधी नुसता पाऊस आहे. पाचही पात्रं एकाच सुरात बोलतात, आणि तो सूर लेखकाचा आहे.

एक सदस्य फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो. त्याची प्रत आभार मानून ठेवून घ्यावी, फुकटात मुद्रितशोधन झालं. दुसऱ्याला "माझ्या मावशीचं अगदी असंच झालं" हे सांगायचं असतं. त्यासाठीच घड्याळ लावावं. तिसरा म्हणतो, "मी असतो तर नायकाला ट्रकखाली घातला असता." त्याचा उपाय सोडावा, पण कोणत्या पानावर त्याला ट्रक आठवला ते लिहून घ्यावं. तिथे कथा बहुधा थांबलेली असते. पाचांपैकी तिघे एकाच जागी अडखळले, तर ती जागा दुरुस्त करायची. पाच जण पाच ठिकाणी अडखळले, तर आपल्या मनाला येईल तसं वागायला हरकत नाही. सगळ्यात मोलाचा शेरा माझ्या मते एकच : "इथे मी उरलेली पानं मोजली."

शेवटी लेखकाला दोन मिनिटं मिळतात. त्यात प्रश्न विचारावेत, वकिली करू नये. पाऊस ठेवू का, असं मात्र विचारू नये. सगळे एकमुखाने "काढा" म्हणतात, आणि पुढच्या बैठकीसाठी त्यांच्याकडून आलेल्या पीडीएफ उघडाव्यात तर पहिल्या पानावर धो-धो कोसळत असतो.