‘श्यामची आई’ मुलांना सुरक्षितपणे कशी दाखवावी

मे महिना लागला की पालकांना संस्कारांची आठवण होते. शिबिराचे पैसे भरायचे जिवावर आले असेल, तर आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ लावून द्यावा. राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा, तोही कृष्णधवल, म्हणजे संस्कार पक्के मुरणार. काळजी एवढीच घ्या, की मुलांनी तो फार लक्ष देऊन पाहता कामा नये.

तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, तो प्रसंग निर्धोक आहे. तिथे सिनेमा थांबवा आणि मनाला घाण लागू नये म्हणून काय करावं, यावर दोन शब्द बोला. बोलताना स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवायची गरज नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोणत्या आडनावाच्या भाडेकरूला देऊ नये, ही महत्त्वाची चर्चा चालू असते.

पोहायला जायचं टाळणाऱ्या श्यामला आई झोडपते, तेव्हा आजोबांना हाक मारा. त्यांना तेवढाच भाग आवडतो. ‘छडी लागे छमछम’ लागलं की सगळ्यांनी छडीच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात. गाण्यात मास्तरांचीच टिंगल आहे, हे मुलांना आपणहून सांगायला जाऊ नये.

मात्र सिनेमा पाहून मूल पुस्तकाकडे वळलं तर सावध राहा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडते. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि घरी आल्यावर आंघोळ कर. चुणचुणीत मूल विचारणारच, ‘मदत केली तर आंघोळ कशाला?’ ‘पूर्वी असायचं तसं’ म्हणा आणि आंब्याची फोड पुढे करा. आई किती प्रेमळ होती, एवढं म्हणायला हरकत नाही. त्या काळी कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या बाईने तेवढं सांगणं हेही मोठंच होतं, हे खरं आहे; पण ‘तेवढं’ म्हणजे किती, याचं माप काढत बसू नका. मोळीवालीच्या बाजूने तर मुळीच विचार करू नका. तिच्यासारख्या आयांच्या मुलांनीही पुढे पुस्तकं लिहिली. दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ सालीच आलं. पण संस्कारांच्या कपाटात त्याला कुठे जागा?

खरी अडचण गुरुजींचीच आहे, कारण पुस्तकातला श्याम म्हणजे तेच. हा मुलगा त्या आंघोळीपाशी थांबला नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून तो उपोषणाला बसला. हे घरात कळू देऊ नका. आईचं ऐकून श्याम मोठा झाला, असं आपण सांगत आलो. आईच्या चार पावलं पुढे जाऊन मोठा झाला, असं कळलं तर उद्या आपलीच मुलं आपल्या पुढे जायला निघतील आणि सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटपासून करतील.

श्यामचं घराणं खोताचं, म्हणजे कोकणात गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं. ‘पूर्वी बरी स्थिती होती, मग दिवस फिरले’ एवढ्यावर हे भागवावं. खोत कुळांकडून काय वसूल करायचा, १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक का मांडलं, कायदा व्हायला १९४९ साल का उजाडलं, हे सांगत बसलात तर डोळ्यांतलं पाणी आटतं. रडू येणं महत्त्वाचं. सावकाराचा माणूस दारात येतो तेव्हाही घरकर्जाच्या हप्त्याची तारीख आठवू नका, नाहीतर भलत्याच कारणाने रडाल.

घरातल्या बायकांना हा सिनेमा जरूर दाखवा, पण स्वयंपाक आवरल्यावर. कष्टून, झिजून, तक्रार न करता मरणारी बाई पडद्यावर पाहिली की भांड्यांना बाई लावायचा विषय चार दिवस पुढे जातो. तिची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या बड्या घराण्यातल्या, शिकलेल्या, सिनेमात काम करणाऱ्या आणि ‘सिकंदर’च्या नायिका होत्या, हे मातृदिनाच्या पोस्टमध्ये घालू नका. फोटो तेवढा घाला, डोक्यावर पदर असलेला.

आणि एक. अत्र्यांनी पाठोपाठ ‘महात्मा फुले’ही काढला. त्यालाही राष्ट्रपतींचं पदक मिळालं, रौप्य. तो चुकून लागला तर लगेच रिमोट शोधा. फुल्यांची गोष्ट निघाली की सावित्रीबाईंवर शेण फेकणारे कोण होते, असं मुलं विचारतात, आणि आजी समोरच माळ ओढत बसलेली असते.