साठ वर्षांची अट आणि काचेवरची ओल

बर्लिनच्या नॉये नॅशनलगॅलरीत हिवाळ्यात गेले, की भल्यामोठ्या काचांवर आतून ओल धरलेली दिसते. या आधुनिक कलेच्या संग्रहालयाची संपूर्ण दुरुस्ती होऊन २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले, तरीही ही ओल आहे, आणि ती जाणीवपूर्वक राहू दिलेली आहे. येथे राहून मायदेशातले वास्तुजतनाचे वाद वाचताना मला ती वारंवार आठवते.

१९३८ मध्ये जर्मनी सोडून शिकागोला गेलेल्या वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांची ही वास्तू १९६८ साली खुली झाली. सुमारे ६५ मीटर लांब आणि तितकेच रुंद, १,२६० टनांचे पोलादी छत केवळ आठ खांबांवर उभे आहे. कोपऱ्यांत एकही खांब नाही. जमिनीवर जोडलेले हे छत १९६७ मध्ये एका दिवसात हायड्रॉलिक जॅकने उचलण्यात आले. या आराखड्याचे मूळ बकार्डी कंपनीसाठी क्यूबात योजलेल्या, पण कधीच न बांधलेल्या कार्यालयात आहे, म्हणजे तेथील उन्हापासून सावली देण्यासाठी सुचलेली कल्पना बर्लिनच्या थंडीत येऊन उभी राहिली. त्यामुळे थंडीत ओल धरणे, पोलादाच्या आकुंचन-प्रसरणाने काचा तडकणे आणि वरच्या दालनात चित्रे टांगायला भिंतीच नसणे हे दोष जन्मजातच होते. (कायम संग्रह खालच्या जोत्यात आहे, आणि वरचे दालन रिकामेच अधिक शोभते, असे माझे मत.)

दुरुस्तीच्या वेळी वास्तुविशारद डेव्हिड चिपरफिल्ड यांच्या कार्यालयाने सुमारे ३५,००० सुटे भाग काढले, त्यांची नोंद करून दुरुस्ती केली आणि प्रत्येक भाग मूळ जागी परत बसवला. खर्च सुमारे १४ कोटी युरो झाला. दुहेरी तावदाने बसवली असती तर ओल थांबली असती, पण त्यांसाठी चौकटी जाड कराव्या लागल्या असत्या आणि वास्तूचा सडपातळपणा गेला असता. म्हणून जाड, पण एकेरीच काच पत्करण्यात आली.

आपल्याकडे असे दोष वास्तूविरुद्धचा पुरावा ठरतात. अहमदाबादच्या आयआयएममधील, अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी रचलेली वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव २०२० च्या अखेरीस आला, तेव्हा गळती आणि खराब झालेल्या विटा हीच कारणे होती. दिल्लीत वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंते महेंद्र राज यांचे १९७२ चे प्रदर्शन-दालन ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. साठ वर्षे न झालेली वास्तू वारशात मोडत नाही, अशी भूमिका त्यापूर्वी घेण्यात आली होती. त्याच मोजपट्टीने पाहिले, तर २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालेले बर्लिनचे हे संग्रहालय अवघे ४७ वर्षांचे होते.

मात्र बर्लिनला आदर्श मानण्याची घाई मी करणार नाही. याच शहराने पूर्व जर्मनीचे १९७६ चे संसदभवन ‘पालास्ट डेर रिपब्लिक’ २००८ पर्यंत पाडले आणि त्या जागी जुन्या प्रशियन राजवाड्याचा दर्शनी भाग नव्याने उभारला. कोणाची आधुनिकता जपायची, हे येथेही सत्तेने ठरवले. शिवाय एवढा पैसा आपल्या प्रत्येक काँक्रीटच्या वास्तूवर खर्च करणे शक्य नाही, हा आक्षेपही खरा आहे.

परंतु कौशल्याची उणीव आहे, हे मला पटत नाही. आयआयएमच्याच आवारातील कान यांच्या ग्रंथालयाचे जतन मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमया यांच्या कार्यालयाने केले, आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. नमुना म्हणून एका वसतिगृहाची दुरुस्तीही त्यांनी केली होती. उरलेली पाडण्याची भाषा त्यानंतर सुरू झाली.